खालच्या गल्लीचं किपिंग

सियांगचा देवावर पुरता विश्वास होता. त्याच्या वेळापत्रकावर मात्र नव्हता. म्हणून दर वर्षाच्या सुरुवातीला ती आपणच एक वेळापत्रक आखायची आणि रविवारच्या प्रार्थनेत ते देवाला सावकाश वाचून दाखवायची. अमुक महिन्यात छपराचे पत्रे, तमुक महिन्यात लेकीची शाळा. वाचून झालं की "तुझी इच्छा असेल तसं होवो" हे ती म्हणायची, पण ते पत्राखाली सही करावी तेवढ्यापुरतं.

यंदाचं वेळापत्रक एका ओळीचं होतं. फ्लोरोला परत जाऊ द्यायचं नाही.

फ्लोरो तिचा नवरा. नऊ वर्षं तो जेद्दाला होता. तिथल्या एका मोठ्या स्वयंपाकघरात सहाशे मजुरांचं जेवण रांधायचा. तो गेला तेव्हा लोरेली दोन वर्षांची होती, जानेवारीत तो करार संपवून घरी आला तेव्हा ती अकराची झाली होती आणि बापाला "तुम्ही कॉफीत साखर घेता का?" असं पाहुण्याला विचारावं तसं विचारत होती. फ्लोरो हसला, म्हणाला, "दोन चमचे." मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ कोंबड्या बघत उभा राहिला. सियांगने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ बघितली आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं की आता पुरे झालं.

फ्लोरोचं म्हणणं सरळ होतं. तीन वर्षांचा नवा करार आलेला होता, अठरा मेला मनिलाला जाणारी गाडी होती. "पंधरा मेपर्यंत इथं पोटापाण्याचं काही उभं राहिलं, तर मी राहतो. नुसत्या आशेवर नाही राहणार, सियांग. लोरेलीला आशा खायला घालता येत नाही."

"पंधरा मेलाच उभं राहील," सियांग म्हणाली. "मी मोजून ठेवलंय."

तिने खरंच मोजून ठेवलं होतं. पंधरा मे हा सान इसिद्रोचा, शेतकऱ्यांच्या संताचा दिवस. त्या दिवशी अख्खं लुकबान गाव पिकापाण्याचे आभार मानतं. संताची मूर्ती मिरवणुकीने निघते, पण दर वर्षी वेगळ्या वाटेने. ज्या गल्लीची पाळी असेल तिने घरं सजवायची, बाकीच्यांनी बघायला जायचं. वरच्या गल्लीतून मिरवणूक चार वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे यंदा पाळी तिचीच. हा हिशेब करून सियांगने बनाहाव डोंगराच्या उतारावरचं वाडीतलं घर दिराच्या हवाली केलं आणि जानेवारीतच वरच्या गल्लीत एक अरुंद घर भाड्याने घेतलं. दारावरून हजारो माणसं जाणार. दाराशी फ्लोरो त्याच्या आईच्या हातचं लसूण घातलेलं लोंगानिसा तळणार. डुकराच्या मांसाचं ते सॉसेज तळायला लागलं की वास चर्चपर्यंत जातो. एकदा लोकांच्या जिभेला लागलं की वर्षभर मागणी. राहिली सजावट, आणि त्यासाठी किपिंग होतंच.

किपिंग करणं म्हणजे नाकी नऊ आणणारं काम. डोंगरात जाऊन काबालच्या झाडाची चांगली रुंद पानं निवडून आणायची. तांदळाचं पातळ पीठ रंगवून एकेका पानावर फासायचं, वाफवायचं, मग ते नाजूक हाताने सोडवून वजनाखाली दाबून सावलीत वाळवायचं. शेवटी हातात उरतं ते तांदळाचं पारदर्शक पान, शिरांसकट. लाल, हिरवं, पिवळं, गुलाबी. अशा पानांच्या माळा आणि झुंबरं करून घरभर टांगायची. घाई केली की पान चुरगळतं, दमट हवेत बुरशी धरते. जानेवारीपासून सियांग, फ्लोरो आणि लोरेली तिघं पीठ फासत होती. एप्रिल संपता संपता माजघरात टोपल्यांवर टोपल्या चढल्या होत्या. चार हजार पानं असतील.

"आपला संत प्रार्थना करायचा, तेव्हा देवदूत येऊन त्याचं शेत नांगरायचा," फ्लोरो एकदा पीठ ढवळत म्हणाला. "आपल्याकडे कुणी येत नाही का?"

"मी जपमाळ घेऊन बसले की भात करपतो," सियांग म्हणाली. "हात चालव."

या चार महिन्यांत लोरेलीने बापाशी बोलायला सुरुवात केली होती. आधी पिठाच्या रंगाबद्दल, मग शाळेतल्या एका आगाऊ मुलीबद्दल. एके दिवशी तिने "ताताय, तुमचं पान फाटलं, बघा!" असं ओरडून त्याच्या नाकाला हिरवं पीठ लावलं. सियांगने मान खाली घातली आणि वाफेच्या भांड्याकडे बघत राहिली. पण लगेच देवाला आठवणही करून दिली की पंधरा तारीख जवळ येतेय.

एकोणतीस एप्रिलला सकाळी वरच्या गल्लीखालचा पाण्याचा जुना पाइप फुटला.

दुपारपर्यंत गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरलेली होती. दारासमोर कमरेइतका खोल चर, त्यावर दोन फळ्या. दुसऱ्या दिवशी उत्सव समितीचा माणूस दारोदार सांगत आला की काम महिनाभर चालणार, म्हणून यंदा मिरवणूक खालच्या गल्लीतून जाईल.

"महिनाभर?" सियांगने विचारलं. "पंधरवड्यात नाही होणार? मी माणसं देते. माझा नवरा खणेल."

"अते सियांग, चर बुजवून चालत नाही, आधी पाइप घालावा लागतो," तो बिचारा म्हणाला. तिच्याहून दहा वर्षांनी लहान होता, थोरल्या बहिणीपुढे उभा राहावा तसा चुळबुळत होता. "पुढच्या खेपेला तुमचीच पाळी पहिली."

"पुढची खेप म्हणजे कधी?"

त्याने बोटं मोजली आणि फळीवरून पलीकडे गेला.

सियांग आत आली. कोनाड्यात सान इसिद्रोची वीतभर मूर्ती होती. तिच्या आईची, नाकाचा टवका उडालेली. तिने मूर्ती उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. जोरात ठेवली.

"नानाय," लोरेलीने विचारलं, "ते शिक्षा भोगतायत का?"

"विचार करतायत. करू दे."

फ्लोरोने संध्याकाळी मूर्ती सरळ केली. तिने जेवणाआधी पुन्हा वळवली. त्याने जेवणानंतर सरळ केली. तिसऱ्या वेळी ती वळवायला गेली तेव्हा फ्लोरो हळूच म्हणाला, "मी एजंटला फोन केला, सियांग. अठराची जागा पक्की केली. शेजारचा बर्तिंगही त्याच गाडीने तिकडे जातोय." तिने मूर्ती वळवलीच, आणि या खेपेला फ्लोरोने ती सरळ केली नाही. इतक्या वर्षांत एकदाही तिने देवाला दोष दिला नव्हता. वेळापत्रक चुकलं तर चूक आपली, असं ती समजायची. या वेळी तिला कुठेच आपली चूक सापडेना आणि त्यामुळेच तिचा जीव जळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरून तोल सांभाळत अलिंग पासिता आल्या.

अलिंग पासिता म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, खालच्या गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या, वयाने आणि आवाजाने. सियांगला त्यांनी चौथीत शिकवलं होतं. ते एक असो. पण दोन वर्षांपूर्वी भर बाजारात, दहा बायांसमोर त्या म्हणाल्या होत्या की सियांगचं किपिंग चपलेच्या तळव्याएवढं जाड असतं. तेव्हापासून सियांग त्यांना चर्चमध्ये मान हलवून अभिवादन करायची आणि तोंड मिटून पुढे जायची.

"बस म्हणणार नाहीस?" अलिंग पासिता दारातूनच म्हणाल्या.

"बसा ना, अलिंग पासिता. चपला बाहेर काढा. आत माझ्या टोपल्यांत तशाच चपला भरपूर आहेत."

बाईंनी ऐकून घेतलं. खुर्चीत बसल्या, पदरी आलेलं काम सांगितलं. खालच्या गल्लीची पाळी अजून दोन वर्षांनी होती. अकरा घरं, एकाही घरात किपिंगचं एक पान नाही. चौदा दिवसांत पानं आणायची कधी, वाळवायची कधी? संत दारावरून जाणार आणि दारं उघडी बोडकी. वर त्या दिवशी दारात येईल त्या पाहुण्याला जेवू घालायचं, त्याचीही काही तयारी नाही. "तुझ्याकडे आहे, तुला यंदा लागणार नाही. दे म्हणायला आले."

"जाड आहे."

"मी चष्मा लावून बघेन," अलिंग पासिता म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. या बाईंना तो खाली आणता येतो हे सियांगला ठाऊक नव्हतं. "तेव्हा बोलले ते चुकलं, पोरी. त्या वर्षी माझं किपिंग बुरशीने गेलं होतं. तुझं बघून जळफळाट झाला."

"विचार करून सांगते," सियांग म्हणाली, कारण लगेच हो म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

बाई गेल्या. सियांग माजघरात जाऊन टोपल्यांमध्ये बसली. एका टोपलीवरचं फडकं काढून तिने एक लाल पान उजेडात धरलं. कोपऱ्यात बोटाचा ठसा उमटला होता, लहानसा, लोरेलीचा. दुसऱ्या पानाला कडेला चीर होती आणि पिठाचं ठिगळ, म्हणजे ते फ्लोरोचं. तिने दहा-बारा पानं अशीच बघितली. चार महिने. चार महिने नवरा घरात होता, सकाळी दोन चमचे साखरेची कॉफी पीत होता, लेक त्याच्या नाकाला पीठ लावत होती. हे सगळं मिळालं होतं, तेही न मागता. तिने मागितला होता फक्त पंधरा मे. आणि त्या मागणीच्या नादात हे चार महिने देवाने दिले याबद्दल तिने एकदाही हात जोडले नव्हते. तिला इतकी लाज वाटली की तोंडावर फडकं धरून ती तशीच बसून राहिली.

फ्लोरो आला आणि उंबऱ्यात टेकला.

"तू दर वर्षी सान इसिद्रोचे आभार मानतेस की त्याच्याकडे मागतेस?" त्याने विचारलं.

"दोन्ही एकदम. वेळ वाचतो." मग ती नाक पुसत म्हणाली, "या वर्षी नुसते आभार. सगळं देऊन टाकू खालच्या गल्लीला."

"सगळं?"

"सगळं. घरात ठेवून काय करू, तळून खाऊ? आभार मानायला केलंय, टांगलं गेलं पाहिजे. कुणाच्या का दारात असेना." ती उठली. माजघरातून बाहेर पडताना तिने संताला सरळ केलं आणि हातातल्या फडक्याने त्याच्यावरची धूळ पुसली.

दिलं म्हणजे नुसतं दिलं नाही. तिच्या हातून तसं होणं शक्यच नव्हतं. टोपल्यांमागून ती स्वतः खालच्या गल्लीत गेली आणि दोन तासांत सगळ्या गल्लीचा ताबा घेतला. माळा कशा ओवायच्या, झुंबराचा सांगाडा कुठला, भाताच्या लोंब्या कुठल्या बाजूला, यावरून तिने अकरा घरांना वेठीला धरलं. "लाल आणि गुलाबी शेजारी नको हो, डोळे दुखतील संताचे!" अलिंग पासिता शिडी धरून उभ्या असायच्या आणि चौथीतल्या या विद्यार्थिनीचं मुकाट्याने ऐकायच्या.

इतकी माणसं दिवसभर राबत होती तर त्यांना काहीतरी खायला हवं होतं. फ्लोरो एकटा घरी बसून काय करणार? त्याने आणून ठेवलेलं मांस, लसूण, ओरेगानो अलिंग पासितांच्या अंगणात नेलं, चूल मांडली आणि लोंगानिसा करायला लागला. केळीच्या पानावर भात, अंडं, वर लोंगानिसा, बाजूला व्हिनेगर. सहाशे माणसांना जेवू घालणाऱ्याला तीस-चाळीस माणसं म्हणजे काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी सगळे गप्प बसून जेवले, दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी आले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातली सून थोरल्या भावाला विनवावं तशी म्हणाली, "कुया फ्लोरो, पंधराला आमच्याकडे साठ पाहुणे येतील. मला एवढं जमणार नाही हो. तुम्ही कराल?"

फ्लोरोने बायकोकडे बघितलं. सियांग शिडीवर होती, तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. योजना सुचत होत्या, एकामागून एक, जिभेच्या टोकापर्यंत येत होत्या. तिने दातांनी सुतळी तोडली आणि गप्प राहिली.

"करीन," फ्लोरो म्हणाला.

आठवड्याच्या आत अकराही घरांचं जेवण त्याच्याकडे आलं. मग एका घरच्या पाहुण्यांनी शेजारच्या तायाबास गावातल्या बारशाचं विचारलं. मग एक लग्न. सियांगला कुणी विचारलं की ती म्हणायची, "मला काय ठाऊक? त्यालाच विचारा." आणि हे म्हणताना तिला घाम फुटायचा.

पंधरा मेला दुपारी मिरवणूक खालच्या गल्लीत शिरली. तिची चार हजार पानं वाऱ्यावर सळसळत होती, उन्हात पेटल्यासारखी दिसत होती, आणि त्यांतलं एकही तिच्या दारात नव्हतं. घरांच्या भिंती भोपळे, भाताच्या पेंढ्या, मिरच्या, अननस यांनी भरल्या होत्या. लोक मान वर करून बघत होते, कुणी विचारलं की अलिंग पासिता वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगत होत्या, "सियांगने केलंय! वरच्या गल्लीतली! कागदासारखं पातळ!" संत आला. खांदेकऱ्यांच्या डोक्यांवर डुलत, बैल आणि नांगरासकट. सियांग परक्याच्या फाटकाशी उभी होती. देवाला सांगायला काही नव्हतं, वाचून दाखवायला काही नव्हतं. ती फक्त आभार मानत गेली: फाटक्या पानांसाठी, कॉफीसाठी, फुटलेल्या पाइपसाठीसुद्धा. संत पुढे गेला आणि लोकांनी माळा ओढून पानं खाली फेकायला सुरुवात केली. लोरेली बापाच्या खांद्यावर हात टाकून पानं झेलत होती.

पण फ्लोरो अठराच्या गाडीबद्दल काहीच बोलला नाही. सोळाला नाही, सतराला नाही. सियांगने विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ठरवलं की हे देवाचं आणि फ्लोरोचं काम आहे, आपलं काम तयारी. तिने त्याचे शर्ट इस्त्री केले. सुकी मासळी कागदात बांधली, कॉफीची पाकिटं भरली, पिशवीची तुटलेली चेन दुरुस्त केली. तो गेला तर लोरेलीला काय सांगायचं, पहिल्या रविवारी काय रांधायचं म्हणजे घर रिकामं वाटणार नाही, आपण कुठल्या खोलीत जाऊन रडायचं, सगळं ठरवलं. "तुझी इच्छा असेल तसं होवो," ती म्हणाली. या वेळी ते म्हणायला तिला सगळी रात्र लागली.

अठराला सकाळी सातला चराच्या पलीकडे गाडीचा भोंगा वाजला. फ्लोरोने पिशवी उचलली, म्हणाला, "गाडीपाशी जाऊन येतो," आणि फळीवरून पलीकडे गेला. सियांग दारात गेली नाही. बर्तिंगच्या बायकोसमोर तिला रडायचं नव्हतं. तिने चुलीपुढचं बसकं स्टूल ओढलं आणि आजच्या भाताचे तांदूळ निवडायला घेतले. लोरेली खिडकीत उभी होती.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो लांब गेला.

"नानाय, गाडी गेली," लोरेली म्हणाली.

सियांगने मान हलवली. तांदळातला खडा तिच्या बोटांत धरलेला तसाच राहिला.

मागचं दार वाजलं. फ्लोरो आत आला, हात धुतले, फडक्याला पुसले. "बारशाला ऐंशी माणसं म्हणाले की नव्वद?" त्याने विचारलं. "आज मांस आणलं पाहिजे."

सियांग त्याच्याकडे बघत राहिली. "पिशवी?"

"बर्तिंगबरोबर पाठवली. तिकडच्या मित्रांना सुकी मासळी." तो जरा ओशाळला. "शर्ट काढून घ्यायचे राहिले. बर्तिंगला मोठे होतील."

"मला सांगायचं तरी होतंस!"

"सांगितलं असतं तर तू रात्रीत पुढच्या पाच वर्षांची योजना आखून मोकळी झाली असतीस. मला एक रात्र शांत झोपायचं होतं."

लोरेली खिडकीपासून धावत आली ती सरळ बापाच्या पोटाला बिलगली. सियांगने ताट खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, आवाज काढून, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. फ्लोरो घाबरला.

"अगं, राहिलो तर रडतेस, मग गेलो असतो तर काय केलं असतंस?"

"गेला असतास तर रडलेही असते आणि सावरलेही असते," ती हात तोंडावर दाबत म्हणाली. "त्याची सगळी तयारी केली होती मी. याची काहीच केली नव्हती रे."